चुरी बाईंची जास्वंद

डहाणूजवळच्या मसोलीत चुरी बाई देवभोळ्या म्हणून प्रसिद्ध होत्या. सकाळी दूधवाला यायच्या आधीच त्या परडी घेऊन गल्लीत उतरायच्या, आणि कोणाच्या कुंपणाबाहेर जास्वंदीची फांदी डोकावलेली दिसली की ती पार मोकळी करून टाकायच्या. शेजारच्या काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "काय बाई भक्ती! रोज एवढी फुलं गणपतीला!" बाईंच्या घरी गणपती होता खरा. पितळेचा, तळहातावर मावेल एवढा. त्याला एक फूल मिळायचं. उरलेली परडी लोखंड शोधायला जायची.

"खरं काय ते सांगत का नाही हो तुम्ही त्यांना?" मी एकदा विचारलं.

"वेडी का तू? देवासाठी म्हटलं की फुलं देतात. लोखंडासाठी म्हटलं तर कुत्रं सोडतील अंगावर."

चुरी बाई आता नाहीत. निवृत्तीनंतर थोड्याच काळात गेल्या, आणि ज्या गोष्टीचा त्यांनी जिवाला घोर लावून घेतला होता ती अजून तशीच आहे. मला त्यांची आठवण आली की आधी हसू येतं आणि मग फार वाईट वाटतं. दर वेळी असंच होतं. म्हणून म्हटलं, एकदाचं सांगून टाकावं.

आम्ही दोघी तलासरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायचो. त्या रसायनशास्त्र, मी गणित. मी डहाणू रोडची, त्या मसोलीच्या, त्यामुळे सकाळची एसटी आमची एकच. ती चुकली की जीप. जीपमध्ये चार जणांच्या जागेत सात जण बसलेले असताना चुरी बाई मांडीवरची पिशवी उघडून शेजारच्या अनोळखी बाईला पट्टी दाखवत बसायच्या. बुटक्या, चपळ, आवाज खणखणीत. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "राहून गेलं बाई. प्रॅक्टिकल चालू होतं." मुलांनी मॅडम म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मॅडम बँकेत असते. मी बाई आहे," असं पहिल्याच तासाला बजावायच्या.

त्यांची ती पट्टी म्हणजे काय, ते सांगते. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की पाणी दाट लाल-जांभळं होतं. बाई ते धोतराच्या फडक्यातून गाळायच्या, त्यात टिपकागदाचे लांबट तुकडे बुडवायच्या आणि सावलीत दोरीवर चिमटे लावून वाळवायच्या. वाळली की पट्टी फिकट जांभळी. तिच्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब टाकला तर जांभळीच राहते. तुरटीचं पाणी टाकलं तर निळसर होते, मोरचुदाचं, म्हणजे तांब्याचं, टाकलं तर हिरवट, आणि पाण्यात लोखंड असलं तर काळपट पडते, शाई सांडल्यासारखी. या कामासाठी बाजारात औषधांच्या बाटल्या मिळतात. आमच्याही कपाटात बाटल्या होत्या, त्यांच्यात काही नसायचं एवढंच. बाईंनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. जास्वंद फुलते तोवर आपलं कॉलेज चालेल, म्हणायच्या.

पण पट्टी काळी पडली म्हणून लगेच टाळ्या पिटायच्या, हे त्यांना अजिबात आवडायचं नाही. फुलाचा रंग धातूनं बदलतो तसा आंबटानं आणि खारानंही बदलतो, हे त्या मुलांच्या डोक्यात कुटून कुटून भरायच्या. एका वर्षी डहाणूला विज्ञान प्रदर्शन होतं. पाहुणे समोर उभे, आणि आमच्या पोराच्या पट्टीवर थेंब पडताच ती झकास हिरवी झाली. पोरगं ओरडलं, "तांबं! बाई, तांबं सापडलं!" पाहुण्यांनी पाठ थोपटली. एक जण तर फोटो काढायला लागला. बाईंनी बाटली उचलून नाकाशी नेली, आत बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाटली कशानं घासलीस रे?"

"राखेनं, बाई. आईनं चकचकीत करून दिली."

"मग ही राख बोलतेय. तांबं नाही. माफ करा हं साहेब, आमचं चुकलं."

पोरगं रडवेलं झालं. परतीच्या गाडीत बाईंनी त्याला शेजारी बसवलं, चिकू सोलून दिला आणि म्हणाल्या, "तुझी पट्टी हिरवी झाली ते तू हिरवी म्हणालास. शाब्बास. पुढचं चुकलं ते शिकता येतं. पण रंग मात्र जो दिसेल तोच सांगायचा, मला काय आवडेल ते बघून नाही." हे त्यांचं रोजचं पालुपद. कोणी पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हणायला लागलं की त्या कपाळाला हात लावायच्या. "अरे मेल्या, पुस्तक मीपण वाचलंय. तुला काय दिसतं ते बोल!"

कासा गावातला किस्सा तर मी कितीदा सांगितला असेल. बोर्डाच्या परीक्षेच्या कामाला गेलो होतो आणि स्टँडजवळच्या एका टपरीवर चहा घेतला. चहा असा की दूध घालूनही राखाडी. बाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पिशवीतून पट्ट्यांची डबी काढली. टपरीवाल्याच्या पिंपातलं पाणी चमच्यानं पट्टीवर टाकलं. तो बिचारा घाबरलाच.

"ओ बेन, ये क्या करते हो? टोटका-बोटका नको हां, धंद्याचा टाइम आहे!"

"टोटको नथी भाई, फूल छे," जादूटोणा नाही, फूल आहे, असं बाई त्याच्या गुजरातीत म्हणाल्या. पट्टी डोळ्यांदेखत काळी पडली. "हे बघ. तुझ्या बोअरच्या पाण्यात लोखंड आहे. चहा त्यानं काळा पडतो आणि तू वर दूध ओतत बसतोस. समोरच्या नळाचं पाणी घेऊन बघ."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा चहा चांगला तांबूस, आणि टपरीवाला गिऱ्हाइकांना सांगत होता, "ये देखो, पानी की डॉक्टर आली." बाई अशा लाजल्या की विचारू नका. डॉक्टर हा शब्द त्यांनी मला नंतर निदान महिनाभर ऐकवला.

हळूहळू पाड्यापाड्यांवरच्या जुन्या विद्यार्थिनी पाण्याच्या बाटल्या घेऊन यायला लागल्या. त्यांतली रंजना बाईंची सगळ्यांत लाडकी. कारण सांगते. वर्गात सगळ्या पोरी 'हिरवी' म्हणाल्या की ही मागच्या बाकावरून म्हणायची, "नाय बाई, पोपटी." आणि ती पोपटीच असायची. "हिची नजर देवानं फुरसतीत केलीय," असं बाई स्टाफरूममध्ये येऊन सांगायच्या. रंजनाचं लग्न तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर झालं. नाचणी, भात, आणि पावसाळा संपला की मजुरी. बाईंनी लग्नात तिला भांडं-बिंडं काही दिलं नाही. पट्ट्यांचा भरलेला डबा दिला. तिची सासू जानी हिला वाटलं, मुखवासाचा डबा आहे. एक पट्टी तोंडात टाकून तिनं थू थू केलं, आणि त्यावरून ती आणि बाई पुढं कायम एकमेकींची चेष्टा करायच्या.

याच सुमाराला बाईंना सगळीकडे लोखंड सापडायला लागलं. कैनाडच्या विहिरीत लोखंड, स्टँडच्या नळाला लोखंड. मी म्हटलं, "बाई, आता समुद्रात बघा एकदा." त्या चिडल्या. टिपकागद पूर्वीसारखा येत नाही, प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइट मेल्या मंद झाल्यात, अशी भुणभुण चालू असायची. एक दिवस काळ्या साडीवर गडद निळा ब्लाउज घालून आल्या. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरधरून हसलो. "काळाच आहे!" बाई ठासून म्हणाल्या, आणि दिवसभर तसंच मिरवल्या. बाईंचा ठामपणा आम्हाला नवा नव्हता, त्यामुळे कोणाच्याच मनात दुसरं काही आलं नाही.

रंजनाच्या पाड्यावर नवा हातपंप बसला तो त्याच उन्हाळ्यात. तिथं सगळे त्याला बोरिंग म्हणतात. तोवर पाडा पाणी आणायचा ते खाली ओहोळातून. वाळूत खड्डा खणायचा, त्यात झिरपेल ते वाटीवाटीनं भरायचं आणि हंडा डोक्यावर घेऊन घसरडी चढण चढायची. आता बोरिंग थेट जानीच्या अंगणाशी. सगळ्या बायका खूश. तरी रंजना म्हणाली, बाई बघतील तेव्हाच प्यायचं. बाईंना निरोप आला, आणि रविवारी आम्ही दोघी जीपनं गेलो.

मी ओट्यावर जानीशी बोलत बसले होते. पलीकडे पंपाजवळ बाईंनी पट्टीवर थेंब टाकला, पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"लोखंड आहे," त्या म्हणाल्या. "काळपट पडलीय."

रंजना वाकून बघत होती. "बाई, मला जांभळी दिसते."

"सावलीत बघतेस म्हणून. उजेडात ये. ही कड बघ."

"जांभळीच हाय, बाई."

"रंजना, नीट बघ गं!" बाईंचा आवाज चढला. "इतकी वर्षं मी काय झक मारली का?"

रंजनानं पट्टी पुन्हा बघितली. मग बाईंकडे बघितलं. म्हणाली, "हो बाई. काळपट हाय थोडी."

जानी माझ्याजवळून ओरडली, "बाय, भात तं पांढराच शिजते ह्या पान्यात! लोखंडाच्या पान्यात भात काळा पडते ना?"

"आजी, फुलाला भातापेक्षा जास्त कळतं," बाई हसून म्हणाल्या. "धुणं-भांडी करा ह्यानं. प्यायला नको. ओहोळाचंच उकळून प्या."

झालं. बाईंचा शब्द तो. त्या वर्षी बाईंनी इतरही बऱ्याच ठिकाणी लोखंड काढलं होतं. तिथल्या कोणी फारसं मनावर घेतलं नाही, त्यांचं काही बिघडलं नाही. या पाड्यानं मात्र बाईंचं ऐकलं. दोन उन्हाळे तिथल्या बायका दारातलं पाणी सोडून खाली ओहोळात उतरत राहिल्या. मध्ये पंचायतीचा माणूस तपासणीची पेटी घेऊन आला आणि पाणी चांगलं आहे म्हणाला. बायकांनी त्याला उभा धुतला. "आमच्या बाईंचं फूल सांगते. तुज्या पेटीत फूल हाय काय?" ही गोष्ट बाईंनी मला मोठ्या अभिमानानं सांगितली होती.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी जानी चढणीवर हंड्यासकट पडली. खुब्याचं हाड मोडलं. कासाच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढं पाठवलं, शेवटी काठी घेऊन घरी आली. ती कासाला होती तेव्हा आम्ही भेटायला गेलो. तिथंच बाहेर डोळ्यांचं शिबिर लागलेलं. मी गंमत म्हणून बाईंना म्हटलं, तपासून घ्या. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि विचारलं, "मावशी, कधीपासून दिसत नाही?"

"दिसत नाही काय? सगळं दिसतंय मला."

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून तपकिरी झालाय. निळं, जांभळं काळंच दिसत असणार तुम्हाला."

 डहाणूला पोचेपर्यंत बाई जीपमध्ये पट्ट्यांची डबी नुसती उघड-मीट करत बसल्या. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरल्या.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी डबा घेऊन मसोलीला गेले, तर बाई कपाट उघडून उभ्या. "अगं, हा ब्लाउज निळा आहे!" म्हणाल्या आणि इतक्या हसल्या, मीही हसले. हसता हसता त्यांचा चेहरा उतरत गेला. ब्लाउज हातातच होता. "उद्या रंजनाच्या पंपाचं पाणी आणून दे मला," म्हणाल्या. "बाटली त्याच पाण्यानं नीट विसळून घे."

मी आणून दिलं. बाईंनी खिडकीत बसून थेंब टाकला. पट्टी जांभळी. दुसरी घेतली, जांभळी. तिसरी घेतली. मग डबी बंद केली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. "ती सांगत होती गं. ती पोरगी मला दोनदा सांगत होती." मी पाठीवरून हात फिरवत बसले.

डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तरी पुढच्याच रविवारी बाई काळा चष्मा लावून पाड्यावर हजर. मी बरोबर होतेच. बायका जमल्या. बाईंनी हात जोडले. वर्गासमोर कधी अडखळली नव्हती ती बाई अडखळत बोलली. "माझे डोळे गेले होते. मला जांभळं काळं दिसत होतं. पाणी तेव्हाही चांगलंच होतं. तुम्ही उगीच खाली जात राहिलात. जानीआजी माझ्यामुळे पडली."

 मग जानीच म्हणाली, "नाय बाय, असा नको बोलूस. पानी तवा खराबच होता. तुज्या फुलानं सांगलेला. आता देवानं सुधारला असंल."

"आजी, तेव्हाही चांगलं होतं!"

"मी पडली म्हनून तुला वाईट वाटते, म्हनून तू असा बोलतेस. आमाला कळते."

बाई रंजनाकडे वळल्या. "तू सांग यांना. तुला जांभळी दिसली होती ना?"

रंजना जमिनीकडे बघत म्हणाली, "मला काय कळते बाई? तुमी होतात ना तिथं."

बाईंना याचा किती मार बसला ते मी बघितलं. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. तिथं सगळ्या त्यांनाच सांभाळून घेत होत्या. एकीनं खुर्ची आणली, एकीनं डोळ्यांवर ऊन येतं म्हणून छत्री धरली. निघताना पिशवीत काकड्या भरून दिल्या. आणि आमची जीप वळली तेव्हा खाली ओहोळाकडे दोन हंडे निघालेले दिसत होते.

त्यानंतर बाईंनी ध्यासच घेतला. निवृत्त झाल्या, पण माझ्या सुट्टीच्या दिवशी मला घेऊन पाड्यावर जायच्याच. ताज्या पट्ट्या, पंचायतीच्या माणसाची पेटी, सगळं करून झालं. त्या माणसाला बायकांसमोर उभा करून त्यांनी त्याची माफीही मागितली. बायका मान डोलवायच्या आणि हंडे घेऊन खाली जायच्या. बाई मला म्हणायच्या, "काय शिकवलं गं मी यांना? रंग बघायला शिकवलं असं मला वाटत होतं. माझं तोंड बघायला शिकवलं." मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. बाई, सोडून द्या आता, असं मी म्हणायचे. त्या ऐकायच्या नाहीत. पाडा अजूनही बोरिंगचं पाणी पीत नाही. धुणं-भांडी करतो. पिण्याचे हंडे रंजना आणते, सासूचेही आणि स्वतःचेही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तिथंच. थंडी सरत आली होती. मला घरी पाहुणे यायचे होते म्हणून मी लवकर निघाले. बाई म्हणाल्या, तू जा, मी मागच्या जीपनं येते. मी जीपमध्ये बसले. माणसं भरेपर्यंत ती सुटणार नव्हती, म्हणून तिकडेच बघत राहिले. बाई एकट्या पंपाचा दांडा मारत होत्या. दोन-चार बायका बघत उभ्या होत्या. बाईंनी ओंजळ धरली, सगळ्यांना दिसेल असं पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मग पुन्हा दांडा मारला आणि पुन्हा ओंजळ धरली.

तेवढ्यात घरातून जानी आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या, चालताना पाणी हिंदकळत होतं. तिनं बाईंची ओंजळ धरून खाली केली.

"बाय, आता पुरं. त्या पान्यानं पोट बिघडंल तुजा. ह्या घे, ओहोळाचा हाय. सकाळीच रंजीनं आनला, उकळून गाळून ठेवलाय तुज्यासाठी."

बाईंनी तिच्याकडे बघितलं.  तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन रिकामा केला. जानीला केवढं समाधान वाटलं! ती तांब्या घेऊन, काठी टेकत, खुब्यातून लंगडत घराकडे निघाली, आणि चुरी बाई ती दारात पोचेपर्यंत तिच्या चालण्याकडे बघत उभ्या राहिल्या.